अंगठ्यावरची खपली

नख आणि खपली एकमेकांशी बोलायची, तेव्हाची ही गोष्ट. सूप विणताना बांबूची कामटी सोनाक्का बुरडिणीच्या डाव्या अंगठ्यात घुसली. रक्त थांबलं आणि जखमेवर काळी, खरखरीत खपली धरली.

उजव्या हाताच्या नखाला ती बघवेना. "एवढं देखणं सूप विणतोय आम्ही, त्यात तुझी ही घाण! ऊठ इथून."

"उठेन रे. माझ्याखाली नवी कातडी येतेय, अजून कोवळी आहे. ती घट्ट झाली की मी आपसूक गळून पडेन. तोवर बाहेरचं काही आत जाऊ नये म्हणून बसलेय."

नखाने ऐकलं नाही. कामट्यांच्या धुळीने भरलेलं ते खपलीखाली शिरलं आणि त्याने तिला उचकटून काढलं.

अंगठा सुजला, पिकला, काळा पडला. शेवटी वैद्याला तो कापावा लागला.

अर्धवट सूप पुढ्यात घेऊन सोनाक्का म्हणाली, "आता कामटी दाबून कोण धरणार?"

काही दिवसांनी अंगठ्याच्या उरलेल्या थोटकावर नवी खपली आली. नख जवळ येताना पाहून ती घाबरून म्हणाली, "थोडे दिवस बसू दे रे मला."

"बस गं," नख म्हणालं आणि मुठीत मिटून गेलं.