पाण्याची शीग

एक होतं गाव, आणि गावाला होतं एक तळं. तळ्यात बोटाएवढे मासे, उन्हात चमचम करायचे नुसते. तर एकदा काय झालं, उन्हाळा असा तापला, असा तापला, की तळ्याचं डबकं झालं. मासे बिचारे तोंड वर काढून आ वासायला लागले.

त्या गावात बयजा नावाची मुलगी होती. आत्याजवळ राहायची. महाहट्टी, बरं का. आपल्याकडेही आहेत एक-दोन, नावं घेत नाही मी. तिनं ओंजळीओंजळीनं ते मासे उचलले आणि परसातल्या डोणीत सोडले. डोणी म्हणजे गुरांना पाणी पाजायचं दगडी भांडं. आत्या म्हणाली, माणसांना प्यायला पाणी नाही आणि ही मासे पाळतेय. शेजारी म्हणाले, तळून तरी खा. बयजानं कुणाचं ऐकलं नाही. तळं आज ना उद्या भरेल, पण हे मासे गेले तर त्यात परत मासा कुठून येणार?

मग ती आपल्या वाटणीचं पाणी डोणीत घालू लागली. रोज सकाळी एकच चिपटं. चिपटं म्हणजे धान्याचं छोटं माप, आपल्या फुलपात्राएवढं. जास्त घातलं असतं तर? अहो, नवं पाणी एकदम ओतलं की मासे बावरतात, उलटे होतात. म्हणून थोडं थोडं.

पण एक दिवस घरातला रांजण कोरडा पडला. मग बयजानं काय केलं? डोक्यावर घागर घेतली, काखेत धान्य मोजायची पायली, म्हणजे मोठं माप, घेतलं आणि निघाली डोंगरापलीकडच्या डोहाकडे. त्या डोहात आसरा राहायची. आसरा म्हणजे पाण्याची देवी. तिकडे कुणी फिरकायचं नाही. बयजा मात्र गेली.

आसरा वर आली. केस ओले, डोळे शेवाळासारखे हिरवे. काय हवंय म्हणाली. बयजानं सगळं सांगितलं आणि पायलीभर पाणी उसनं मागितलं. आणि सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "आता सपाट दे, परत देताना शीग लावून देईन."

शीग म्हणजे मापाच्या काठावर उभा राहतो ना, तो दाण्यांचा ढीग. त्या गावात ज्वारी उसनी नेताना सगळे असंच म्हणायचे. पण हे होतं पाणी. आसरा गालात हसली.

"शीग लावून? बरं. नाही दिलीस तर मासे माझे."

झालं. बयजानं पायली मोजून घागरीत ओतली आणि घरी आणली. एका पायलीत सोळा चिपटी. रोज सकाळी एक चिपटं डोणीत, एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही. शेवटचं चिपटं ओतलं आणि त्याच दुपारी आभाळ फाटलं. असा पाऊस, की तळं काठोकाठ भरलं. बयजा मासे सोडायला निघाली, तर दारात आसरा उभी.

मग बयजानं पायली पाण्यानं भरली. वर आणखी ओतलं, ते खाली वाहून गेलं. पुन्हा ओतलं, पुन्हा वाहिलं. अंगण सगळं चिखल झालं, पण पाण्याला काही शीग लागेना. आसरा म्हणाली, उद्या येते.

दुसऱ्या दिवशी बयजानं डोकं लढवलं. पायलीत ज्वारी भरली, शीग लावली, ती शीग हातानं उतरवून मोजली. भरली दोन चिपटी. मग आसरेपुढे तिनं पाण्यानं भरलेली पायली ठेवली आणि शेजारी दोन चिपटी पाणी. आसरेनं मान हलवली. शीग शेजारी नसते, मापावर असते म्हणाली. उद्या शेवटचं येते.

बयजा डोणीपाशी बसून रडली. हो, रडली की. आणि रडतारडताच माशांना कोंडा घातला, कारण त्यांना उपाशी ठेवून चालणार नव्हतं. तेवढ्यात हातातलं चिपटं सटकलं आणि डोणीच्या तळाशी जाऊन बसलं. एक मासा आला, चिपट्यात डोकावला आणि त्याच्यावरून तरंगत वर निघून गेला. बयजा बघतच राहिली. चिपटं काठोकाठ भरलेलं होतं, आणि त्याच्यावरही पाणीच होतं. तिनं डोळे पुसले.

तिसऱ्या दिवशी तिनं आसरेला तळ्यावर नेलं. कमरेएवढ्या पाण्यात शिरली आणि पायली तळाशी ठेवली.

"बघ आसराबाई, पायली भरली. तिच्यावर आहे ती शीग. सगळी तुझी."

आसरेनं पाहिलं. पायलीवर अख्खं तळं उभं होतं. मग ती शीग उतरवायला लागली. ओंजळ भरून घ्यायची, की तिथं पुन्हा पाणी यायचं. घ्यायची, की पुन्हा यायचं. शेवटी ती दमून पाण्यात बसली.

"पोरी, ही शीग उचलून नेता यायची नाही गं. इथं राहूनच राखायला हवी."

आणि राहिली की हो. आसरा राहिली म्हणून ते तळं पुन्हा कधी आटलं नाही.

मग बयजा मासे सोडायला बसली. एकदम नाही हं. आधी तळ्याचं पाणी चिपट्या-चिपट्यानं डोणीत घालायचं, माशांना सवय करायची. आत्या न सांगता येऊन शेजारी बसली, बयजाच्या हातातलं चिपटं घेतलं आणि आपणच ओतायला लागली. सवय झाल्यावर मासे तळ्यात गेले. आसरा सुखात, बयजा सुखात, गावही सुखात.

आता ते मासे झोपलेत. डोळे उघडे ठेवून झोपतात ते, त्यांना पापण्या नसतात. तुम्हाला दिल्यात ना देवानं? मग मिटा बघू.