ठकूचे दगड

एक होता घाट. राजा नाही, राणी नाही, मध्ये विचारू नका. घाट होता. म्हातारा, चिडका, आणि सगळं बघणारा.

घाटाखाली एक गाव होतं. त्याच्या शेतांत समुद्राचं खारं पाणी शिरलं. भात जळाला. मग गाव म्हणालं, वर पठार आहे, तिथं नवं गाव वसवू. सात बैलगाड्या निघाल्या. सातवी ठकूची आणि तिच्या नवऱ्याची, म्हादूची. त्यांच्या गाडीत साऱ्या गावाचं बियाणं. एक कणगी भात, तेवढाच उरलेला. तो गेला की गाव उपाशी, बरं का.

आता घाट चढायचा कसा, ऐका. बैल दहा पावलं ओढतात, मग धापा टाकत थांबतात. थांबले की गाडी मागं घरंगळते. म्हणून चाकामागं लगेच दगड लावायचा. बैल निघाले की तो उचलून कडेला ठेवायचा. हा रिवाज. पण दमलेला माणूस वाकतो कशाला? सहा गाड्यांनी दगड वाटेतच टाकले.

ठकू वाकली. आपलाही दगड उचलला, त्यांचेही उचलले. कडेला ठेवताना म्हणायची, "बस हं बाबा."

पहिलं वळण आलं. पुढच्या गाडीवरनं गोंदू नाईक ओरडला, "ठकू, गाव वसवायला आलीस का घाट झाडायला?"

"तुमचाच उकिरडा काढतेय, नाईक. चाला तुम्ही!"

मग दुसरं वळण. ठकूची बोटं सोलली. म्हादू म्हणाला, "अगं, पुरे. आपण शेवटचे. मागं कोण आहे?"

"आज नाही. उद्या कुणी येईल, त्याच्या बैलाचा पाय मोडेल." आणि उचलला पुढचा.

मग तिसरं वळण. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. तिथं जुवाची दोरी काडकन तुटली. बैल सुटले. गाडी निघाली मागं! म्हादूनं पुढनं गाडीची दांडी धरली, तो फरफटला. ठकूनं मागनं खांदा लावला. चाकामागचा दगड फुटून भुगा झाला. पाय घसरत दरीच्या काठाला आले.

"सोड, ठकू! मरशील!"

"बियाणं आहे! नाही सोडत!"

नाहीच सोडलं.

मग घाटानं एक डोळा उघडला. म्हणाला, "दिवसभर मला सगळ्यांनी शिव्या दिल्या. बाबा म्हणाली ही एकटीच."

कडेचा एक दगड हलला. घरंगळला. पण खाली नाही, वर! त्याच्यामागं दुसरा, मग तिसरा. आले आणि चाकामागं घट्ट बसले. काठ चार बोटं उरला होता. गाडी थांबली.

तोवर नाईक धावत आला, सगळी माणसं आली, नवी दोरी आली. बैल जुंपले, गाडी निघाली. मग नाईक वाकला. तिन्ही दगड त्यानं स्वतः कडेला ठेवले. हळूच म्हणाला, "बस हं बाबा." ठकू हसली नाही. दमली होती.

पठारावर भात पेरला. उगवला. सगळे पोटभर जेवले, आणि गाढ झोपले.

तुम्हीही झोपा. आणि दारात लगोरीचे दगड कुणी टाकलेत? अंगठा फुटला माझा. सकाळी उठून आधी ते कडेला ठेवा. आता डोळे मिटा.