न दुखणारी खपली

एकदा एका घाटमाथ्यावरच्या गावी एक वृद्ध वैद्य राहत असत. मंदाकिनी नावाची त्यांची शिष्या त्यांच्या हाताखाली वैद्यकी शिकत होती.

एके सकाळी एक आई वर्षाच्या मुलाला घेऊन आली. रात्रीतून पापण्या चिकटतात, चिपडे वाळतात, म्हणून ती घाबरली होती. मूल खुदुखुदु हसत होते, डोळे स्वच्छ होते. वैद्य म्हणाले, "उकळून निवलेल्या पाण्यात कापूस भिजवून हलकेच पुसून घे. डोळा लाल झाला, सुजला, उजेड सोसेना, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा."

ती गेल्यावर गोपिका कुंभारीण आत आली. बराच वेळ पदराशी चाळा करीत राहिली. मग मंदाकिनीच्या कानाशी लागून म्हणाली, "बाई, उजव्या स्तनाच्या बोंडावर खपली धरते. पुसली की पुन्हा येते. चोळीला तांबूस डाग पडतो. दुखत मात्र नाही हो काही. वर्षभर हळद-तेल लावलं."

मंदाकिनीने मलमाची बरणी उचलली. वैद्यांनी तिच्या झाकणावर हात ठेवला.

"हिला मलम द्यायचे नाही. आजच्या एसटीने हिला तालुक्याच्या रुग्णालयात ने."

गोपिकेचे डोळे भरले. "एवढ्याशा खपलीसाठी?"

रुग्णालयातल्या तपासणीत कळले, तो कर्करोग होता, आणि काखेपलीकडे पसरला होता. उपचार झाले, पण संक्रांतीआधीच गोपिका गेली.

अंत्ययात्रा गेल्यावर मंदाकिनी म्हणाली, "गुरुजी, वाचणार नव्हतीच, तर मलम देऊन तिचे समाधान तरी करायचे होते."

"त्या समाधानानेच तिचे वर्ष खाल्ले," वैद्य सावकाश म्हणाले. "हळदीने खपली वाळे, आणि तिला वाटे, बरे झाले. एकाच बाजूचा स्राव, रक्ताची छटा, पुन्हा पुन्हा धरणारी खपली. हे दिसले की दुखण्याची वाट पाहू नये. प्रत्येक वेळी कर्करोगच असतो असे नाही, परंतु तपासल्यावाचून ते कळत नाही. आणि लाजेला औषध माझ्याजवळ नाही, मुली."

मंदाकिनीला आठवले, त्या वर्षात नातवाच्या खोकल्यासाठी गोपिका किती वेळा इथे येऊन बसली होती! तिला स्वतःविषयी कोणी काही विचारले नव्हते.

पुढे काही दिवसांनी गोपिकेची धाकटी बहीण पडशाचे औषध न्यायला आली. पुडी हातात देऊन मंदाकिनीने दार लोटून घेतले.

"आणि तुझं काय, ताई? अंगावर काही काढत नाहीस ना?"

तिने खाली पाहिले. मग हळूच म्हणाली, "आहे थोडं. कुणाला सांगितलं नाही."