दंडाचा रंग

माघ शुद्ध पंचमी. सकाळी दाट धुके, दुपारी कोरडे ऊन, वारा मुळीच नाही.

खाडीकाठच्या एका गावात द्वारका नावाची बाई पपईचा लेप करीत असे. पिकलेल्या पपईचा गर ती वस्त्रगाळ करी आणि त्यात मसुराचे पीठ कालवी. उन्हाने रापलेले चेहरे त्या लेपाने हळूहळू उजळत. तिचे दोन नियम होते. नवा लेप आधी स्वतःच्या हाताला लावून तीन दिवस पाहायचा. आणि येणाऱ्या प्रत्येकीच्या दंडाची आतली बाजू पाहायची, कारण तिथे ऊन पोचत नाही.

त्या दुपारी मिठागराच्या मालकाची बायको सगुणावहिनी आपल्या नवऱ्याच्या भाचीला, बकुळला, घेऊन आली. बकुळ मामाकडेच वाढलेली. मिठाच्या राशींपाशी दिवसभर उभी राहून ती कामावर देखरेख करी. पांढऱ्या मिठावरून उसळणाऱ्या उन्हाने तिचा चेहरा पार करपला होता.

"आठ दिवसांनी मुलाकडची माणसं येतायत," सगुणावहिनी म्हणाली. "पोरगी तांदळासारखी दिसली पाहिजे."

द्वारकेने बकुळची बाही वर सरकवली. "वहिनी, हा हिचा रंग. लेप चेहऱ्याला इथवर आणील, तेही एकवीस दिवसांत. याच्यापुढं नाही."

"बाजारातली लेपवाली चार दिवसांत गोरं करते."

"करते. त्यात कच्च्या पपईचा चीक असतो."

"मग तुम्हीही घाला की! हे स्थळ हुकलं तर गावभर सांगेन, द्वारकेच्या लेपात नुसतं पीठ आहे म्हणून."

द्वारकेला ते फार लागले. वीस वर्षांत कमावलेले नाव असे मातीला मिळणार? वहिनी गेल्यावर तिने परसातल्या कच्च्या पपईला चिरा दिल्या. पांढरा चीक वाटीत ठिबकला. तो लेपात कालवून तिने नियमाप्रमाणे आधी स्वतःच्या मनगटाला लावला. दुसऱ्या दिवशी तिथली कातडी सोललेल्या बटाट्यासारखी लख्ख दिसत होती.

तेवढ्यात वहिनीचा निरोप आला, "झाला का लेप?"

द्वारकेचा हात भांड्याकडे गेला. द्यावा, सुटावे, असे तिला वाटले. पण तीन दिवस म्हणजे तीन दिवस. "उद्या सांगते म्हणावं," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मनगट लालभडक झाले. बारीक फोड उठले. पाण्याचा थेंबही झोंबू लागला. द्वारकेने भांडे उकिरड्यावर पालथे केले आणि तशीच जाऊन वहिनीपुढे हात धरला.

वहिनी ते फोड वाकून पाहू लागली. बकुळच म्हणाली, "मामी, हे फोड गालावर घेऊन मी पाटावर बसले असते, तर पाहुण्यांनी आधी औषधाची चौकशी केली असती."

"लावा मग तुमचं पीठच," वहिनी पुटपुटली.

अष्टमीपासून जुना लेप सुरू झाला. बकुळ मिठागरावर जाताना तोंडाला ओले फडके बांधू लागली.

पाहुणे आले तेव्हा चेहरा जेमतेम निवळू लागला होता. द्वारका लेप घेऊन आलेली, ती माजघराच्या दारातच थांबली.

मुलाची आई चष्मा सावरत म्हणाली, "मुलगी सावळी आहे."

वहिनीने मान खाली घातली. बकुळने मात्र घातली नाही. "हो, सावळीच आहे. वरचं ऊन उतरतंय तेवढं. आत हाच रंग आहे."

मुलाची आई हसली. "बरं झालं बाई. गोरी सून आणली असती, तर आमच्या सगळ्या घरात ती एकटीच पाहुणी वाटली असती."

माघ वद्य त्रयोदशीला, एकविसाव्या दिवशी, द्वारकेने बकुळचा गाल तिच्या दंडाशी ताडून पाहिला. दोन्ही रंग सारखे होते. लग्न फाल्गुन शुद्ध पंचमीला झाले. द्वारकेच्या मनगटावरचा डाग दीड महिना राहिला.

तात्पर्य: आपल्या हाताला जे सोसत नाही, ते दुसऱ्याच्या गालाला लावू नये, आणि उजळायचे ते आपल्याच रंगापर्यंत.