दयाळाचं स्वतःचं गाणं

फार जुन्या काळी एका रानात दर वसंतात वडावर पाखरांची गाण्याची बैठक भरायची. म्हातारा भारद्वाज तिचा प्रमुख होता. वडावर फक्त वाडवडिलांची गाणी गायची, असा त्याचा नियम होता.

एका वर्षी एका तरुण दयाळाने स्वतः रचलेलं गाणं सुरू केलं. त्यात ओढ्याची खळखळ होती, सुतारपक्ष्याची टकटक होती.

"थांब!" भारद्वाज ओरडला. "हा कसला गोंगाट? आमच्या वेळची गाणी ऐकत राहावीत अशी होती. त्यातलं एखादं म्हण, नाहीतर ऊठ इथून."

खालच्या तळ्यातलं म्हातारं कासव हसलं. "भारद्वाजा, तेव्हाही मी इथंच होतो. चांगली गाणी होती, पण रटाळ त्याहून जास्त होती. ती ऐकून मी मान आत ओढून घ्यायचो. ती सगळे विसरले, एवढंच."

"ते काही असो. नियम म्हणजे नियम!"

दयाळाने पंख झटकले. "काका, जुनी गाणी मलाही पाठ आहेत, आवडतातही. पण तीही कुणीतरी पहिल्यांदा गायलीच असतील ना? माझं टिकेल की नाही, हे आज तुम्हाला कळणार नाही, मलाही नाही. पण मी ते गाणारच."

तो समोरच्या काटेरी बाभळीवर जाऊन बसला आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून गाऊ लागला. थोड्या वेळाने एक साळुंकी उठून तिकडे गेली. तिच्यामागून बुलबुल गेले. भारद्वाज हाका मारत राहिला, पण सगळे गाणं ऐकण्यात दंग होते.