ठकूबाय आणि मिशाळी वेल

फार वर्षांपूर्वी, खाडीवरच्या भोमवाडीत ठकूबाय नावाची एक बाई राहायची. लाकडाच्या मोळ्या आणि परसांची कुंपणं बांधण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. दोर ती विकत घेतच नसे. रानातली वेल ओढायची, पिळायची आणि गाठ मारायची. तिची गाठ सुटायची नाही, तोडावीच लागायची, असं म्हणतात.

एका वर्षी खाडीला परमुलखातलं गलबत लागलं. मालाखाली अंथरलेला पालापाचोळा खलाशांनी काठावर टाकला आणि त्यातून एक नवी वेल उगवली. हिरवीगार, बदामाच्या आकाराच्या पानांची, चामड्यासारखी चिवट. ठकूबाय हरखली. "देवानं माझ्यासाठीच धाडली ही!" म्हणाली, आणि त्या उन्हाळ्यात तिनं अख्ख्या गावाची कुंपणं त्याच वेलीनं बांधली.

पावसाळा लागला आणि कुंपणांना पालवी फुटली. गाठीगाठीतून कोंब आले. वेल आंब्यांवर चढली, पोफळींवर चढली, कौलांवर चढली. सकाळी अंगणात ठेवलेला नांगर दुपारी दिसेनासा व्हायचा, असं म्हणतात. एकाची म्हैस रवंथ करता करता हरवली. हंबरली म्हणून सापडली. देवळाच्या घंटेला तर असा विळखा बसला, की भिवा गुरव दोरीला लोंबकळला तरी ती वाजेना.

लोक कोयते घेऊन धावले. वेल छाटली, ओढ्यात फेकली. पण जिथे तुकडा अडकला, तिथे नवी वेल. त्यात रागाच्या भरात करांद्याच्या वेलीही तुटल्या, कारण त्यांचीही पानं तशीच बदामी. थंडीत उकडून खायचे करांद्याचे कंद गेले. पोफळी वाकू लागल्या. लोक गाव सोडायची भाषा करू लागले.

ठकूबायला घास गोड लागेना. "दारोदार मीच बांधली ही," ती भिवा गुरवाला म्हणाली. "आता सोडवायचीही मीच."

"तू गाठी मारतेस गो," भिवा म्हणाला. "सोडवायला कधी शिकलीस?"

"मग आता शिकते."

ती सात दिवस वेलीसमोर बसून राहिली. वेल पायांवरून चढत खांद्यापर्यंत आली, तरी ती हलली नाही, असं म्हणतात. आठव्या दिवशी हसतच उठली.

"अरे, हिला मिशा आहेत!"

खरंच, वेलीच्या पेरापेराला बारीक मुळांचे झुबके होते. करांद्याला तसे नव्हते. करांदा एका पेराला एकच पान देतो, ही जोडीनं देत होती. आणि मिशी मातीला टेकली की तिथे दुसरी वेल उभी! म्हणजे छाटून भागणार नव्हतं. फुलं येण्याआधी मुळासकट उपटायची, वाटेत एक पेरही सांडायचं नाही, आणि वरच्या कातळावर नेऊन, माती नाही अशा जागी, कडकडीत वाळवायची.

सारा गाव टोपल्या घेऊन लागला. ठकूबाय पुढे, मागून रांग. भाद्रपदातली झड चालू होती, पण कातळावर तेवढं नऊ दिवस लख्ख ऊन पडलं, असं म्हणतात.

शेवटी थोरला बुंधा उरला. ठकूबायनं त्याचा शेंडा कंबरेला गुंडाळला आणि ओढला. तिच्यामागे गावानं ओढला. खाडीतल्या होड्या डुलल्या, देवळातली घंटा आपोआप घणघणली, आणि बुंधा असा निघाला की सगळे एकमेकांच्या अंगावर चिखलात. भिवा गुरव सगळ्यांच्या खाली.

"सुटली गो गाठ!" तो तिथूनच ओरडला.

भोमवाडीत अजूनही गौरी गेल्या की सगळे रानात जातात. मिशाळी दिसली, करंगळीएवढी का असेना, की उपटून कातळावर नेतात. पहिली वेल ओढायचा मान त्या वर्षीच्या नव्या सुनेचा. करांदा दिसला तर त्याच्या मुळाशी ओंजळभर माती घालतात. आणि ज्या वर्षी एकही मिशाळी सापडत नाही, त्या वर्षी एक जाड कासरा आणतात. एक टोक गुरवाच्या हाती, दुसरं गावाच्या. मग "ठकूबाय, ओढ गो!" असा गजर करत सगळे मिळून चिखलात पडतात.