पारडी बदला

फार पूर्वी, समुद्रापलीकडे एका राजाचं राज्य होतं. तिथल्या बाजारात वजनं राजाची, तराजू राजाचा, आणि माल कमी भरला तर तक्रार करायची तीही राजाकडेच. आता मांजरालाच विचारायचं, की दूध कोणी प्यायलं? शेवटी काही लोक कंटाळले. होड्यांत बसले, समुद्र ओलांडला आणि नव्या किनाऱ्यावर त्यांनी आपली पेठ वसवली.

पेठेत आळ्या बऱ्याच. विहीर, जत्रा, भांडणतंटा ज्याचा त्याने आपल्या आळीत बघावा; बाजार मात्र सगळ्यांचा एक. त्यासाठी चौकात मोठी शिळा उभी केली आणि तिच्यावर नियम कोरले. पहिलीच ओळ होती, ‘हे आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं आहे.’ प्रत्येक आळीने निवडलेल्या पंचांनी वजनं ठरवायची. तोलाराने तोलायचं. बाजारात तंटा झाला तर चिंचेखालच्या न्यायकर्त्या आजोबांनी निवाडा द्यायचा. एकाने दुसऱ्याच्या कामात हात घालायचा नाही, पण नजर ठेवायची. आणि शिळेवरचं अक्षर बदलायचं तर बहुतेक आळ्यांनी हो म्हटलं पाहिजे.

एक नियम अगदी साधा होता. कोणीही, अगदी कोथिंबिरीची जुडी विकणाऱ्यानेसुद्धा, ‘पारडी बदला’ म्हटलं, की तोलाराने या पारड्यातला माल त्या पारड्यात आणि त्यातलं वजन यात घालून दाखवायचं. रागवायचं नाही.

पेठेचा तोलार मोठा सरळ माणूस होता. एकदा नदीला पूर आला, तेव्हा त्याने छातीभर पाण्यातून म्हातारीकोतारी बाहेर काढली आणि शेवटी पेठेचा तराजूही खांद्यावर टाकून आणला. तेव्हापासून लोक त्याला डोक्यावर घेऊन नाचायचे. ‘पारडी बदला’ म्हणणं लोकांनी सोडूनच दिलं. देवमाणसाला असं विचारायचं कसं?

एका बाजाराच्या दिवशी पंच म्हणाले, “तो पारड्यांचा नियम आता खोडूनच टाकू. आणि निवाडाही तोलारदादाच देईल. एकाच ठिकाणी सगळं काम, हेलपाटे वाचतील!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. आळ्या होकार द्यायला पुढे सरसावल्या.

तेवढ्यात तीळ विकणारी राहीबाई टोपली घेऊन उठली. “तोलारदादा, रागावू नका. घरून मापून आणलेले तीळ इथे दर बाजारी कमी भरतात. पारडी बदला.”

झालं! बाजार खवळला.

“काय गं, जीभ कशी उचलली तुझी?”

“तुझ्या म्हशीला पुरातून कोणी काढलं?”

“दादांनीच काढलं,” राहीबाई म्हणाली. “म्हशीचे उपकार म्हशीपाशी. तिळाचं काय?”

एक जाडजूड दुकानदार ओरडला, “हिला पेठेतून काढा! पुन्हा इथे टोपली मांडू द्यायची नाही!” राहीबाईचा चेहरा उतरला. घर त्या टोपलीवरच चालत होतं.

चिंचेखालून आजोबा काठी टेकत आले. “शिळा अजून उभी आहे ना? मग पारडी बदला.”

“आजोबा, देवमाणसावर संशय?”

“देवमाणसावर नाही रे बाबा, तराजूवर. देवमाणसाचाही तराजू लोखंडाचाच असतो.”

सगळे तोलाराकडे बघू लागले. त्याने ‘नको’ म्हणून नुसती मान हलवली असती, तरी लोकांनी बाईला हाकललं असतं आणि आजोबांनाही गप्प बसवलं असतं. त्याच्याही मनाला लागलं होतंच.

“आज मी या शिळेपेक्षा मोठा झालो,” तो म्हणाला, “तर मग आपण समुद्र ओलांडला कशाला? आणा बाई, तीळ.”

त्याने तीळ तोलले. काटा सरळ. लोक हसले. मग त्याने तीळ आणि वजन यांची अदलाबदल केली, आणि तिळाचं पारडं धपकन खाली गेलं.

हसणारे आता वाकून बघू लागले.

तोलाराने तराजूची दांडी निरखून पाहिली. पुरात ती एका बाजूने वाकून आखूड झाली होती, आणि माल नेहमी त्याच बाजूला पडत होता. रिकामी पारडी खालीवर होतात म्हणून त्यानेच एका पारड्याला लाखेचा पासंग चिकटवला होता, आणि झाला तराजू सरळ, असं मानून निवांत झाला होता. पण रिकामी पारडी जुळली म्हणून तोल खरा होत नाही! माल आणणारा प्रत्येक जण इतके दिवस थोडाथोडा बुडाला होता. घेणाऱ्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं. जास्त आलं की कोण विचारतो?

तोलाराने हात जोडले. “बाई, तुम्ही माझं नाव वाचवलंत.”

“नाव तुमचं वाचलं दादा, पण तीळ माझे गेले ना!”

बाजार खदखदून हसला. घेणाऱ्या प्रत्येकाने विकणाऱ्याच्या टोपलीत ओंजळ-ओंजळ माल परत घातला; जाड्या दुकानदाराला तर लोकांनी दोनदा घालायला लावलं. लोहाराने दांडी सरळ केली. राहीबाईची टोपली जागेवर राहिली, तोलारही राहिला.

मग कोणीतरी ओरडलं, “आजोबाच खरे शहाणे! आता सगळं आजोबांनाच देऊन टाका!”

आजोबांनी कपाळावर हात मारला. “अरे, आत्ताचा धडा घरी पोचेपर्यंत तरी लक्षात ठेवा!”

अमेरिका नावाच्या देशानेही असाच एक राजा सोडला. तिथे कायदा करणारे वेगळे, राबवणारे वेगळे, निवाडा देणारे वेगळे. राज्यांचा कारभार राज्यांकडे, आणि सगळ्यांच्या वर लोकांच्या नावाने लिहिलेली घटना. ती लिहिणाऱ्यांना माणसं वाईटच असतात असं वाटत नव्हतं. दांडी वाकते, एवढं त्यांना ठाऊक होतं.

तात्पर्य: माणूस चांगला बघून निवडा, पण ‘पारडी बदला’ म्हणायचा हक्क त्याच्या चांगुलपणावर ओवाळून टाकू नका.